ब्लोअरच्या मॅन्युअलचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: कुपवाड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. द्राक्षबागेसाठी ट्रॅक्टरमागे जोडायचे, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या इंजिनाची फिरती ताकद यंत्राला देणाऱ्या दांड्यावर) चालणारे, पंख्याच्या हवेने औषध फवारणारे ब्लोअर बनवतो. तासगाव-पलूस भागात खप चांगला आहे. आता पोलंडमधल्या एका वितरकाने सफरचंदाच्या बागांसाठी दोन नमुने मागवलेत आणि सोबत ‘स्टँडर्डप्रमाणे मॅन्युअल आणि टेक्निकल फाइल’ मागितली आहे. ऑफिसातल्या मुलाने एका इटालियन मशीनचं मॅन्युअल नेटवरून उतरवून त्यावर आमचं नाव घातलंय, तो मसुदा सोबत पाठवलाय. चालेल का? नक्की कुठलं स्टँडर्ड लावायचं? आणि एआयकडून पोलिश भाषांतर करून घेतलं तर?

नाही चालणार. कॉपीराइटचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. असंच उसनं मॅन्युअल एकदा माझ्याकडे तपासायला आलं होतं. चित्रात सक्शन फिल्टर टाकीच्या डाव्या अंगाला, मशीनवर उजव्या. एका पानावर ज्या व्हॉल्व्हचं सेटिंग दाबाच्या आकड्यासकट दिलं होतं, तो व्हॉल्व्ह त्या मशीनला नव्हताच. मालकांना विचारलं तर म्हणाले, ‘कोण वाचतंय एवढं?’ अपघात झाला की पहिल्यांदा वाचतात, आणि मग ओळ न् ओळ वाचतात.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय. पंप, ओतकामाच्या मशिनरी, ट्रॅक्टरची अवजारं, गूळ आणि बेदाण्याची यंत्रं, या सगळ्यांची पुस्तकं लिहिली. आपल्या जिल्ह्याला यंत्र नवीन नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली माळावर उभी राहिली. यंत्रासोबत कागद द्यायची सवय मात्र आपल्याला अजून लागलेली नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कायदा आणि स्टँडर्ड वेगळे करा, कारण तुमच्या प्रश्नात ते एकमेकांत मिसळलेत. युरोपात कायदा म्हणजे मशिनरी डायरेक्टिव्ह २००६/४२. त्याच्या जागी नवं मशिनरी रेग्युलेशन २०२३/१२३० येतंय, ते २० जानेवारी २०२७ पासून लागू. तुमचं मशीन कुठल्या तारखेला तिकडच्या बाजारात उतरतंय, त्यावर कुठला कायदा ते ठरेल. कायदा पाळायलाच लागतो. स्टँडर्ड ऐच्छिक असतं, पण युरोपने राजपत्रात ज्यांची यादी दिली आहे ती ‘हार्मोनाइज्ड’ स्टँडर्डं पाळली की त्यांच्यापुरता कायदा पाळला असं गृहीत धरतात. नाही पाळलं तर तुम्ही दुसऱ्या मार्गाने तेवढीच सुरक्षितता दिली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. लहान कारखान्याने त्या वाटेला जाऊ नये.

तुमच्या कामाची स्टँडर्डं मोजकीच आहेत. जोखीम कशी काढायची आणि कशी कमी करायची ते आयएसओ १२१०० मध्ये आहे. आपल्या भारतीय मानक ब्युरोने तेच आयएस १६८१९ म्हणून स्वीकारलंय. फवारणी यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२५४ चा भाग १ आणि भाग ६. शेती यंत्रांच्या ऑपरेटर मॅन्युअलमध्ये काय असावं, कसं मांडावं यासाठी आयएसओ ३६००. मशीनवर चिकटवायच्या धोक्याच्या चित्रांसाठी आयएसओ ११६८४. यंत्रांच्या सूचना-पुस्तिकेसाठी सर्वसाधारण आयएसओ २०६०७, ते २०१९ चं. आणि कुठल्याही उत्पादनाच्या वापर-माहितीसाठी, खेळण्यापासून वीज प्रकल्पापर्यंत, आयईसी/आयईईई ८२०७९ भाग १, तेही २०१९ चंच. सगळी एकदम विकत घेऊ नका. पहिल्यांदा १२१०० आणि ४२५४-६ घ्या. मॅन्युअलसाठी ३६०० पुरे. ८२०७९ वाचायला चांगलं आहे, पण ते तत्त्वं सांगतं, तुमच्या ब्लोअरबद्दल काही सांगत नाही.

आता खरी गोष्ट. १२१०० मध्ये तीन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. पहिली, धोका डिझाइनमधूनच काढून टाका. दुसरी, जो निघत नाही त्याला गार्ड लावा. तिसरी, एवढं करूनही जो उरतो त्याबद्दल वापरणाऱ्याला सांगा. मॅन्युअल तिसऱ्या पायरीवर आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन्ही पायऱ्या वगळून थेट तिसरीवर येतात, आणि मग ‘काळजी घ्यावी’ हे वाक्य चाळीस वेळा छापतात.

गेल्या हंगामात मणेराजुरीच्या एका बागेत गेलो होतो, दुसऱ्याच एका कारखान्याच्या ब्लोअरसाठी. पीटीओ शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं गार्ड मधोमध हॅकसॉने कापलेलं. ड्रायव्हरला विचारलं, का कापलं? तो म्हणाला, ‘त्याशिवाय ग्रीस मारताच येत नाही की ओ साहेब. निप्पल आतच आहे.’ वाकून बघितलं तर खरंच. जॉइंटचा ग्रीस निप्पल गार्डच्या शंकूच्या दोन इंच आत, ग्रीसगनचं तोंड पोचतच नव्हतं. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, ‘दर आठ तासांनी ग्रीस द्या’ आणि त्याच पानावर, ‘गार्ड काढू नये’. दोन्ही पाळणं त्या माणसाला शक्य नव्हतं. त्याने एक पाळलं.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शर्टाची बाही, गळ्यातला टॉवेल, पंच्याचं टोक अडकलं की ‘बंद कर’ म्हणेपर्यंत आठ-दहा वेढे पडलेले असतात. त्या कारखान्याला मी मॅन्युअलची ओळ बदलून दिली नाही. आधी गार्डला सरकती खिडकी असलेला शाफ्ट घ्या म्हणालो. घेतला. मग ग्रीसची सूचना लिहिली. ती लिहायला दहा मिनिटं लागली.

शाफ्टचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका, कारण यात निर्यातीची मशीनं अडकतात. तुमचा ब्लोअर नियमाप्रमाणे आहे हे तुम्ही स्वतः घोषित करू शकता. काढता-घालता येणारा पीटीओ शाफ्ट आणि त्याचं गार्ड मात्र जुन्या डायरेक्टिव्हच्या विशेष यादीत, परिशिष्ट ४ मध्ये आहे, आणि नव्या रेग्युलेशनमध्ये त्याला त्रयस्थ संस्थेची तपासणी सक्तीची आहे. म्हणजे मिरजेतल्या लेथवर केलेला शाफ्ट, कितीही चांगला असला तरी, पोलंडला पाठवू नका. सीई खूण (युरोपचे नियम पाळल्याची खूण) असलेला, स्वतःची घोषणा आणि स्वतःचं मॅन्युअल सोबत येणारा शाफ्ट विकत घ्या आणि ते मॅन्युअल तुमच्या पुस्तकासोबत जाऊ द्या.

वाक्य कसं लिहायचं ते आता एका जागेवर दाखवतो. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात हे होतं: ‘पीटीओ शाफ्टची देखभाल करताना योग्य ती काळजी घेण्यात यावी, अन्यथा कंपनी जबाबदार राहणार नाही.’ या वाक्यात माहिती किती आहे? शून्य. ‘योग्य ती’ म्हणजे कुठली? आणि जबाबदारी अशी एका ओळीने झटकता येत नाही, पोलंडमध्येही नाही आणि आता इथेही नाही. आपला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ बघा. कलम ८४ नुसार, इजा टाळण्यासाठी वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिला नसेल, तर त्याच कारणावरून उत्पादकावर दायित्व येतं. मशीनमध्ये दोष नसला तरी कागदात दोष असू शकतो.

सुरक्षिततेच्या सूचनेत चार गोष्टी लागतात: किती गंभीर, धोका कसला, दुर्लक्ष केलं तर काय होईल, टाळायचं कसं. गंभीरपणाचे शब्द ठरलेले आहेत. ‘डेंजर’ म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. ‘वॉर्निंग’ म्हणजे होऊ शकते. ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. फक्त मशीनचं नुकसान होणार असेल तर ‘नोटीस’. मराठी आवृत्तीत मी अनुक्रमे धोका, इशारा, खबरदारी आणि सूचना वापरतो आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचे अर्थ देतो. सगळीकडे ‘डेंजर’ लावू नका. गावात रोज लाउडस्पीकर वाजला की कुणी कान देत नाही.

वरचं वाक्य मग असं होतं:

इशारा. फिरता शाफ्ट कपडे ओढून घेतो. हात तुटू शकतो, जीव जाऊ शकतो. ग्रीस देण्यापूर्वी:
१. पीटीओचा लिव्हर बंदवर आणा.
२. ट्रॅक्टरचं इंजिन बंद करा. चावी काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा.
३. शाफ्ट आणि पंखा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. इंजिन बंद झाल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो.
४. गार्डची खिडकी सरकवा. गार्ड काढू नका.
५. ग्रीस द्या, खिडकी बंद करा, गार्डची साखळी ट्रॅक्टरला अडकवलेली आहे का ते बघा.

‘स्वतःच्या खिशात’ हे मुद्दाम आहे. चावी ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवली की दुसरा कुणीतरी, बऱ्याचदा घरातलंच पोर, ती फिरवतो. ‘काही वेळ’ मात्र मला आवडलेलं नाही. तुमचा पंखा किती सेकंद फिरतो ते घड्याळ लावून मोजा आणि आकडा घाला. असाच आकडा ‘घट्ट आवळा’च्या जागीही हवा. पंख्याच्या हबचा बोल्ट ४५ न्यूटन मीटरला आवळायचा असेल तर ४५ लिहा आणि कुठल्या आकाराचा पाना लागतो तेही लिहा.

वाक्यांबद्दल एवढंच: एका वाक्यात एक काम. ‘करण्यात यावे’ काढा, ‘करा’ लिहा. एका वस्तूला एकच नाव. तुमच्या मसुद्यात तोच भाग कुठे ‘पंखा’, कुठे ‘फॅन’, कुठे ‘ब्लोअर’ झालाय आणि अख्ख्या मशीनलाही ब्लोअरच म्हटलंय. वाचणारा गोंधळणार. विमान उद्योगात यासाठी एएसडी-एसटीई१०० नावाची नियमबद्ध सोपी इंग्रजी वापरतात. सुमारे नऊशे मान्य शब्द, कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द. तुम्हाला ते सगळं लागू नाही, पण वीस शब्दांची मर्यादा पाळून बघा. भाषांतराचं बिल पण कमी येतं.

इथल्या ग्राहकासाठी मराठी पुस्तक करणार असाल तर शब्दकोशातून शब्द काढू नका. ‘झडप’ लिहिलं तर सावळजचा ड्रायव्हर दाराची म्हणेल. व्हॉल्व्ह, नोझल, गॅस्केट, चेकनट हे शब्द लिहा आणि पाना, पट्टा, टाकी, गाळणी हे तर आपलेच आहेत.

फवारणी यंत्राला आणखी एक भाग लागतो, जो साध्या यंत्राला लागत नाही. जुन्या डायरेक्टिव्हमध्ये २००९ साली, १२७ क्रमांकाच्या दुरुस्तीने, कीडनाशक फवारणाऱ्या यंत्रांसाठी पर्यावरणाच्या अटी घातल्या गेल्या. म्हणून तुमच्या पुस्तकात टाकी भरताना आणि रिकामी करताना सांडू नये म्हणून काय करायचं, वाऱ्याने औषध शेजारच्या रानात जाऊ नये म्हणून काय करायचं, कुठली नोझल चालतात, टाकी कशी धुवायची, आणि औषधाचं प्रमाण कसं बसवायचं हे सगळं हवं. प्रमाणाचं गणित तुमच्या मसुद्यात अजिबात नाही. ते उदाहरण देऊनच लिहा. हेक्टरी लिटर काढायचं सूत्र: सगळ्या नोझलांचा मिळून मिनिटाला निघणारा प्रवाह लिटरमध्ये, गुणिले ६००, भागिले वेग ताशी किलोमीटरमध्ये, भागिले ओळींतलं अंतर मीटरमध्ये. बारा नोझल, प्रत्येकी दीड लिटर, म्हणजे १८ लिटर. वेग ४ किलोमीटर, ओळ २.७ मीटर, म्हणजे आपली नऊ फुटी. १८ गुणिले ६०० झाले १०८००, भागिले १०.८, हेक्टरी बरोबर १००० लिटर. आपल्या भाषेत एकरी साधारण चारशे. मराठी पुस्तकात एकर आणि फूट ठेवा, पोलिशमध्ये हेक्टर आणि मीटरच, आणि तिकडच्या सफरचंदाच्या ओळींचं अंतर वितरकाला विचारून उदाहरण नव्याने सोडवा.

आवाजही मोजायला लागेल. चालवणाऱ्याच्या कानापाशी ७० डेसिबलच्या वर असेल तर आकडा मॅन्युअलमध्ये द्यायचा असतो, ८० च्या वर गेला की ध्वनिशक्तीची, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण आवाजाची, पातळीही द्यायची. तुमचा पंखा ७० च्या खाली असणं शक्य नाही. इटालियन मशीनचा आकडा उचलू नका, पंखा वेगळा आहे.

टेक्निकल फाइल ही वेगळी वस्तू. ती ग्राहकाला द्यायची नसते. जोखमीचं मूल्यमापन, ड्रॉइंग, हिशेब, चाचण्यांचे अहवाल, वापरलेल्या स्टँडर्डची यादी, मॅन्युअलची प्रत, घोषणापत्र हे सगळं बांधून तुमच्याकडे किमान दहा वर्षं ठेवायचं आणि तिकडच्या सरकारी यंत्रणेने मागितलं तर द्यायचं. वितरक ‘फाइल द्या’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्याला घोषणापत्र आणि मॅन्युअल एवढंच हवं असतं. सरळ विचारा. जोखमीच्या तक्त्यातली शेवटची ओळ म्हणजे ‘उरलेला धोका’. मी मॅन्युअल लिहायला बसतो ते त्या ओळीवरून. जोखमीच्या तक्त्यात जे उरलंय ते पुस्तकात इशारा म्हणून दिसलंच पाहिजे, आणि पुस्तकातल्या प्रत्येक इशाऱ्याचं मूळ तक्त्यात सापडलं पाहिजे. तपासनीस पहिल्यांदा हाच मेळ बघतो.

गैरवापराचाही विचार त्याच तक्त्यात. कायद्याला फक्त योग्य वापर पुरत नाही, माणूस सहज काय चूक करेल तेही धरायचं असतं. ड्रॉबारवर उभं राहून जाणारा मजूर, चालू पंपावर नोझलमधला कचरा काढण्यासाठी तोंडाने फुंकणारा गडी. हे तुमच्या बागायतदार ग्राहकांकडे तासभर बसलात तर सगळं कळेल. ऑफिसात बसून कळणार नाही.

एआयबद्दल. मसुदा नीट करायला, एकाच वस्तूची दोन नावं पकडायला मी स्वतः वापरतो. पण त्याला तुमचं मशीन दिसत नाही. मशीन-भाषांतराने पंपातली हवा काढायच्या ‘ब्लीड’ या इंग्रजी शब्दाचं ‘पंपातून रक्त काढा’ केलेलं मी पाहिलंय. मराठीत ते लगेच दिसलं आणि आम्ही हसलो. पोलिशमध्ये झालं असतं तर तुम्हाला आणि मला कळलंही नसतं. म्हणून पोलिश मजकूर शेती यंत्रं कळणाऱ्या पोलिश माणसाने वाचलाच पाहिजे. तुमचा वितरक हे करू शकेल, करारात लिहून घ्या. २००६/४२ डायरेक्टिव्हप्रमाणे ज्या भाषेतला मजकूर तुम्ही स्वतः पडताळला त्यावर ‘मूळ सूचना’ आणि भाषांतरावर ‘मूळ सूचनांचं भाषांतर’ असं छापावं लागतं, आणि भाषांतरासोबत मूळ प्रतही जाते.

कागद की पीडीएफ? नव्या रेग्युलेशनमध्ये डिजिटल चालतं. पण मशीनवर ते कुठून उघडायचं ते लिहायचं, ते उतरवून आणि छापून घेता आलं पाहिजे, मशीनच्या अपेक्षित आयुष्यभर आणि किमान दहा वर्षं ते ऑनलाइन राहिलं पाहिजे, आणि खरेदीच्या वेळी ग्राहकाने कागद मागितला तर महिन्याभरात फुकट द्यायचा. दोन मशीनांसाठी कागदच छापा. औषधाच्या हातांनी कुणी मोबाइल उघडत नाही.

छापण्याआधी एक परीक्षा घ्या. मागच्या वर्षी आयटीआयमधून नुकताच आलेला एक मुलगा मी मसुदा देऊन मशीनपाशी सोडला. अट एकच, मी बोलणार नाही. फिल्टर साफ करायच्या चौथ्या पायरीवर तो सात मिनिटं अडला. पुस्तक म्हणत होतं ‘डावीकडचा कॉक बंद करा’. तो पंख्याकडून मशीनकडे तोंड करून उभा होता, त्याच्या डावीकडे कॉकच नव्हता. चूक माझी होती. डावं-उजवं कुणाचं, हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दुसऱ्या पानावर चित्र असतं: मशीनच्या मागे उभे राहा, ट्रॅक्टर जातो त्या दिशेला तोंड करा, आता डावं ते डावं.

आणि पुस्तकाला पार्ट नंबर द्या. बोल्टला असतो तसा, ड्रॉइंग रजिस्टरमध्ये, रिव्हिजनसकट. उद्या खरेदीवाल्याने स्वस्त म्हणून दुसऱ्या बनावटीचा फवारणीचा एचटीपी पंप आणला, तर ज्या चेंज नोटवर (बदलाच्या नोंदीवर) पंपाचा नंबर बदलेल त्याच नोटवर पुस्तकाचाही बदलायला हवा. नाहीतर सहा महिन्यांत तुमचं स्वतःचं मॅन्युअलही त्या इटालियनसारखंच परकं होईल.

वितरकाला आज एवढं विचारा: मशीन कुठल्या महिन्यात बाजारात उतरवणार, पोलिश मजकूर तपासणार कोण, ट्रॅक्टरचा पीटीओ ५४० चाच ना, आणि ओळींतलं अंतर किती. उत्तरं आली की जोखमीचा तक्ता घेऊन या. मंगळवारी मी कुपवाडलाच असतो, मशीन शेडबाहेर काढून ठेवा.